राखण आणि सोबत : भिवंडीच्या दारातला कुत्रा

मानकोली फाट्यावरून आत वळलं की गोदामांचं राज्य सुरू होतं. पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, काल्हेर, कशेळी ही एकेकाळची भातशेतीची गावं. आज तिथे पत्र्याच्या उंच छपरांखाली कपड्यांचे गठ्ठे, औषधांची खोकी, मोबाइल, टीव्ही, धान्य, रसायनं असा साऱ्या देशाचा माल साठलेला असतो. दिवसभर कंटेनर लागतात, हमाल चढ-उतार करतात. रात्री शटर पडलं की रखवालदार आणि कुत्री एवढंच काय ते जागं राहतं.

या शहरात कुत्री तीन ठिकाणी भेटतात. पहिला गोदामाच्या फाटकाशी साखळीला बांधलेला रॉटवायलर, डॉबरमन किंवा अल्सेशियन. दुसरा काल्हेर-कशेळी, कामतघर, अंजूरफाट्याकडच्या नव्या इमारतींतला. तो लॅब्रॅडोर असतो, शिह त्झू असतो, कधी पग, आणि अलीकडे एखादा हस्कीसुद्धा. तिसरा कुणाचाच नसलेला आणि म्हणूनच सगळ्या गल्लीचा. यंत्रमागाच्या कारखान्याबाहेर, चहाच्या टपरीशी, मंडईच्या तोंडाशी बसलेला गावठी कुत्रा.

कुत्रा पाळायचं मनात आलं की माणसं पहिला प्रश्न विचारतात, ‘कुठली जात चांगली?’ हुशार कुठली, मुलांना न चावणारी कुठली, राखणीला तिखट कुठली. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर देण्याइतकं ज्ञान आज हाताशी आहे. पण ते ज्ञान नीट लावून पाहिलं तर प्रश्नाचा रोखच बदलावा लागतो. जात आपल्याला कुत्र्याचं शरीर सांगते आणि त्याच्या पूर्वजांचं काम सांगते. त्याचा स्वभाव मात्र पिल्लूपणातल्या पहिल्या काही आठवड्यांत आणि नंतर आपल्या घरात घडतो. म्हणून जात निवडण्याआधी स्वतःचं घर, हवा आणि वेळ तपासला पाहिजे. भिवंडीसारख्या दमट, दाट आणि सतत खडखडणाऱ्या गावात तर हे पहिलं काम.

जात आली कामातून

माणसाची आणि कुत्र्याची सोबत किमान पंधरा हजार वर्षांची. आज आपण ज्यांना जाती म्हणतो त्या मात्र बहुतेक गेल्या दीडदोनशे वर्षांत पक्क्या झाल्या. लंडनचा केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला. वंशावळीच्या नोंदी, प्रदर्शनं, कान-शेपटी-रंगाचे ठरीव नियम हे सगळं त्या काळात रुजलं. त्याआधी कुत्रे ओळखले जात ते कामावरून.

अल्सेशियन, म्हणजेच जर्मन शेफर्ड, मूळचा मेंढपाळाचा कुत्रा. जर्मनीतल्या माक्स फॉन श्टेफानित्स या लष्करी अधिकाऱ्याने १८९९ साली होरांड नावाच्या कुत्र्यापासून या जातीची नोंद सुरू केली. दिवसभर कळपाभोवती फिरायचं, मालकाच्या खुणेवर नजर ठेवायची, हे त्याचं काम. डॉबरमन तयार केला आपोल्डा गावच्या लुई डॉबरमन याने. तो करवसुली करायचा आणि त्याला सोबतीला धाकाचा कुत्रा हवा होता. रॉटवायलर हा रॉटवाइल गावच्या खाटकांचा. गुरं हाकणं आणि मांसाच्या गाड्या ओढणं हा त्याचा धंदा. लॅब्रॅडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंडगार पाण्यात उतरून काम करत. पुढे इंग्लंडमध्ये ते शिकारीत पाडलेले पक्षी तोंडात हळुवार धरून आणायला शिकले. बीगल वासावरून सशाचा माग काढणारा, टोळीने धावणारा. डॅशहंड बिळात शिरून बिज्जूशी झुंजणारा. पग मात्र चीनच्या राजवाड्यात मांडीवर वाढला.

हे जुने पोटापाण्याचे उद्योग रक्तातून पुरते गेलेले नाहीत. अल्सेशियनला दिवसभर एका खोलीत कोंडलं तर तो स्वतःच काम शोधतो. मग दार ओरबाडतो, जिन्यातल्या प्रत्येक पावलावर भुंकतो, घरातल्या मुलांना मेंढरांसारखं एका कोपऱ्यात गोळा करू पाहतो. बीगल एकदा वासाच्या मागे लागला की हाक ऐकत नाही. लॅब्रॅडोरला सतत तोंडात काहीतरी धरायचं असतं, मग ती चप्पल असो की सोफ्याची उशी. पाळणाऱ्याला हे ठाऊक असेल तर ते खोड वाटत नाही. त्याची सोय करता येते.

हुशारी कशाला म्हणायचं

कुत्र्यांच्या हुशारीची जी क्रमवारी जगभर सांगितली जाते, तिच्या मागे स्टॅन्ली कोरन हे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ आहेत. १९९४ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या आज्ञापालन स्पर्धांच्या १९९ परीक्षकांची मतं एकत्र केली. त्यात पहिला आला बॉर्डर कॉली. त्यामागे पूडल, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, डॉबरमन. लॅब्रॅडोर सातवा, रॉटवायलर नववा. या वरच्या गटातली कुत्री पाचाहून कमी वेळा सांगून नवी आज्ञा शिकतात आणि शंभरातल्या ९५ वेळा पहिल्या हाकेला ऐकतात, असं परीक्षकांचं म्हणणं. तळाशी होता अफगाण हाउंड. बीगलही खालच्याच गटात.

पण कोरन यांनीच हुशारीचे तीन भाग केले आहेत. एक, जातीने आणलेलं कसब. दोन, स्वतःहून अडचण सोडवण्याची अक्कल. तीन, माणसाचं ऐकून काम करण्याची तयारी. क्रमवारी फक्त तिसऱ्या भागाची आहे. तळाच्या गटातल्या बीगलला अमेरिकेने १९८४ पासून विमानतळांवर नेमलं. प्रवाशांच्या पेट्यांतली फळं, मांस, बियाणं तो वासावरून हुडकतो, आणि त्या कामात त्याला तोड नाही. आज्ञा मानण्यात मागे असलेला कुत्रा नाकाच्या कामात पहिला असू शकतो.

महाराष्ट्रालाही याचा मोठा अनुभव आहे. मुंबई पोलिसांचं श्वानपथक १९५९ साली तीन डॉबरमनांनी सुरू झालं. त्या काळी पोलिसी कुत्रा म्हणजे माग काढणारा आणि धाक बसवणारा, अशीच कल्पना होती. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनी ती बदलली. पुण्याच्या शिवाजीनगरात शिकून आलेल्या ‘झंजीर’ नावाच्या लॅब्रॅडोरने त्या दिवसांत ३,३०० किलोंहून जास्त आरडीएक्स, शेकडो डिटोनेटर, हातबॉम्ब आणि हजारो काडतुसं शोधून दिली. मुंबईबरोबर मुंब्रा आणि ठाण्यातले घातपातही त्याच्यामुळे टळले. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो हाडांच्या कर्करोगाने गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला सरकारी इतमामात निरोप दिला. झंजीरकडे तीक्ष्ण नाक होतं आणि त्याच्या जोडीला गर्दीत, गोंगाटात, अनोळखी माणसांत डोकं शांत ठेवणारा स्वभावही होता. स्फोटकं शोधायला असा कुत्रा लागतो. अंगावर धावून जाणारा तिथे चालत नाही.

या क्रमवारीत आपल्याकडच्या देशी कुत्र्यांना जागाच नाही. कारण उघड आहे. ज्या परीक्षकांना विचारलं, त्यांनी ते कुत्रे पाहिलेच नव्हते. ती उणीव कोलकात्याच्या आयसर या संस्थेत डॉ. अनिंदिता भद्र यांच्या गटाने भरून काढायला सुरुवात केली आहे. रस्त्यावरच्या, कसलंही शिक्षण न मिळालेल्या कुत्र्यांसमोर त्यांनी दोन वाट्या ठेवल्या आणि एकीकडे बोट दाखवलं. सुमारे निम्मी कुत्री माणसाच्या धास्तीने जवळच आली नाहीत. जी आली त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी बोटाचा इशारा ओळखून बरोबर वाटी गाठली. २०२० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याआधी याच गटाने दाखवलं होतं की अनोळखी माणसावर विश्वास बसायला रस्त्यावरच्या कुत्र्याला खाऊपेक्षा डोक्यावरून फिरणारा हात जास्त उपयोगी पडतो. ज्याला आपण हाडहाड करतो, त्याला आपली भाषा कळते.

स्वभावाचं गणित

‘रॉटवायलर तापट, लॅब्रॅडोर गरीब’ अशी विधानं आपण सहज करतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याची मोठी पडताळणी आली. १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांना कुत्र्यांच्या वागण्याबद्दल प्रश्न विचारले गेले आणि २,१५५ कुत्र्यांची जनुकं वाचली गेली. निष्कर्ष असा, की एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता येतो. माणसाचं ऐकण्याची ओढ थोडीफार जातीशी बांधलेली निघाली. कुत्रा किती लवकर बिथरेल, घाबरून किंवा चिडून अंगावर येईल, हे मात्र जातीवरून जवळजवळ कळतच नाही.

मग हा स्वभाव येतो कुठून? त्याचं उत्तर अमेरिकेतल्या मेन राज्यात स्कॉट आणि फुलर या दोघांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून शोधलं. त्यांचं पुस्तक १९६५ चं. पिल्लाच्या वयाचा तिसरा ते बारावा आठवडा हा त्याच्या आयुष्याचा पाया, असं त्यांनी दाखवून दिलं. या काळात पिल्लाला माणसांचा हात लागला, मुलं, म्हातारी माणसं, इतर जनावरं, आवाज यांची ओळख झाली, तर पुढे ते त्यांना बिचकत नाही. त्या आठवड्यांत अंधाऱ्या पिंजऱ्यात पडलेलं पिल्लू जन्मभर माणसाला घाबरतं, आणि चावणारी पुष्कळ कुत्री भीतीनेच चावतात.

आता हे गोदामाच्या फाटकाशी नेऊन पाहा. तिथला कुत्रा बहुधा लहानपणीच आणलेला असतो. ‘तिखट व्हायला हवा’ म्हणून त्याला कुणाशी मिसळू देत नाहीत. दिवसा आखूड साखळी, रात्री मोकळीक. समोरून दिवसभर ट्रक, हमाल, ड्रायव्हर, मापाडी जात-येत असतात. त्याला कुणाजवळ जाता येत नाही, कुणापासून पळताही येत नाही. अशा कुत्र्याला मालक आणि चोर यांतला फरक कळेनासा होतो. एके दिवशी तो माल उतरवायला आलेल्या हमालाचा पाय धरतो, आणि मग सगळे म्हणतात, ‘ही जातच वाईट.’

राखणीच्या कामाची गरज पाहिली तर चावरा कुत्रा गोदामाला परवडतच नाही. जिथे रात्रीबेरात्री गाड्या लागतात तिथे हवा असतो वेळेवर भुंकून रखवालदाराला जागं करणारा, आणि रखवालदाराने ‘बस’ म्हटल्यावर बसणारा कुत्रा. हे काम दोन चाणाक्ष गावठी कुत्री उत्तम करतात. कित्येक गोदामांवर प्रत्यक्षात तीच ते करत असतात. साखळीतल्या जातिवंताच्या आधी आवाज देतो तो फाटकाबाहेर पोत्यावर झोपलेला गावठीच.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातल्या ११ व्या कलमानुसार कुत्र्याला गैरवाजवी वेळ आखूड किंवा जड साखळीत ठेवणं हा गुन्हा आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर तोही गुन्हाच. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र अजून दहा ते पन्नास रुपयेच आहे. ज्या राज्याने झंजीरला मानवंदना दिली, त्या राज्यातल्या खासदार-आमदारांनी हा दंड वाढवण्यासाठी आवाज उठवायला हवा.

भिवंडीची हवा आणि कुत्र्याचं अंग

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांखेरीज त्याच्याकडे घामाची सोय नाही. उष्णता तो धापा टाकून, जिभेवरचं आणि नाकातलं पाणी हवेत उडवून बाहेर टाकतो. हवा कोरडी असेल तर हे छान चालतं. भिवंडीची हवा खाडीकाठची, दमट. मे महिन्यात पत्र्याचं छप्पर तापतं, जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि भिंतींना ओल येते. अशा हवेत जिभेवरचं पाणी लवकर सुकत नाही आणि अंगातली उष्णता अंगातच राहते. जातींची तुलना करताना या गावात सगळ्यात आधी बघायचं ते नाक आणि केस.

त्या कसोटीवर पग नापास होतो. २००३ च्या सुमारास मोबाइल कंपनीच्या एका जाहिरातीत मुलाच्या मागेमागे चालणारा पग साऱ्या देशाने पाहिला आणि घराघरांत त्याला मागणी आली. जीव खरोखर लाघवी, मुलांत रमणारा, फारसा न भुंकणारा. पण आखूड केलेल्या तोंडात टाळू आणि घशाचे पडदे मावत नाहीत. त्याचं घोरणं हे श्वास अडकल्याचं लक्षण आहे. तीच गोष्ट बुलडॉगची. नेदरलँड्समध्ये ज्या कुत्र्यांचं नाक डोक्याच्या लांबीच्या एकतृतीयांशाहून आखूड आहे, त्यांची पैदास करायला बंदी आहे. थंड हवेच्या देशाला जे क्रूर वाटलं ते मे महिन्यातल्या भिवंडीत किती क्रूर ठरतं, याचा विचार पिल्लू घेणाऱ्याने करावा. शिह त्झूचं तोंडही आखूडच, त्यात लांब केस. पावसाळ्यात रोज विंचरलं नाही तर गाठी होतात, खाली त्वचा सडते, मोठे डोळे दुखावतात.

हस्कीला तर इथे आणूच नये. सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढायला घडलेला हा कुत्रा. त्याला दुहेरी केसांचा झगा आहे आणि मैलोन् मैल धावायची भूक. वातानुकूलित खोलीत ठेवलं तर तो तापत नाही, पण त्याचं धावणं संपतं. शिवाय तो अनोळखी माणसाचंही शेपूट हलवून स्वागत करतो, म्हणजे राखणीचाही उपयोग नाही.

लॅब्रॅडोर हा पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्यासाठी आजही चांगला पर्याय आहे. मुलांशी सांभाळून वागणारा, शिकायला उत्सुक, केस आखूड. दोन गोष्टी मात्र कबूल करून घ्याव्यात. पहिली व्यायाम, रोज सकाळ-संध्याकाळ. दुसरी खाणं. केंब्रिजमध्ये २०१६ साली झालेल्या संशोधनात सुमारे पाव लॅब्रॅडोरांमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला आढळला. त्यामुळे पोट भरल्याचा संदेश मेंदूकडे नीट जात नाही. असा कुत्रा समोर ठेवाल तेवढं खातो. प्रेमापोटी पोळीचा तुकडा टाकत राहिलं तर पाचव्या वर्षी सांधे धरतात. गोल्डन रिट्रीव्हर स्वभावाने तसाच, पण केसाळ. आपल्या पावसाळ्यात त्याची त्वचा सांभाळणं कष्टाचं.

अल्सेशियन अतिशय हुशार आणि एका माणसाशी इमान राखणारा. ज्याच्याकडे अंगण आहे आणि रोज तासभर शिकवायला वेळ आहे त्याच्यासाठी तो सोनं आहे. खुब्याच्या सांध्याचा आजार या जातीत पिढीजात आहे, म्हणून पिल्लाचे आईबाप बघूनच घ्यावं. डॉबरमन चपळ, हळवा, घरच्यांना चिकटून राहणारा. त्याला साखळी मानवत नाही, आणि हृदयाचा स्नायू फुगून कमकुवत होण्याचा आजार त्याच्यात वारंवार दिसतो. रॉटवायलर चाळीस-पन्नास किलोंचा. त्याला समजूतदारपणे वाढवलं तर तो धीराचा होतो. पण ताकद एवढी की एक चूक महागात पडते. ज्याला आधी कुत्रा पाळण्याचा अनुभव नाही त्याने तो घेऊ नये.

बीगल आनंदी आणि निरोगी, पण त्याचं हेल काढून ओरडणं पातळ भिंतींच्या इमारतीत शेजाऱ्यांना सोसत नाही. डॅशहंडच्या लांब पाठीच्या मणक्यांना जिने चढ-उतार घातक. लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतींचं भिवंडी त्याला सोयीचं नाही.

आणि आपला ‘पामेरियन’? ऐंशी-नव्वदच्या दशकांत मराठी मध्यमवर्गाच्या घरी जो पांढरा, टोकदार तोंडाचा कुत्रा असे, तो बहुतेकदा इंडियन स्पिट्झ होता. ‘हम आपके हैं कौन’ या १९९४ च्या चित्रपटातला टफी तोच. पिढ्यान् पिढ्या तो इथल्या उकाड्यात वाढला आहे. थोडं खातो, चाहूल लागताच भुंकतो, चौदा-पंधरा वर्षं जगतो. दोन खोल्यांच्या घरासाठी जातिवंतांत इतका जमणारा दुसरा कुत्रा सापडणं कठीण. फॅशनच्या लाटेत तो मागे पडला, ही आपली चूक दुरुस्त करण्यासारखी आहे.

दख्खनचा धावपटू

महाराष्ट्राच्या दक्षिण सीमेपलीकडे, आजच्या बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे. घोरपडे घराण्याचं हे मराठा संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालं. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी आसपासच्या बेरड शिकाऱ्यांकडचे सडपातळ कुत्रे निरखले, जोपासले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या राजाला त्यांची जोडी भेट दिली. हाच मुधोळ हाउंड. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे त्याला कारवानी म्हणतात, आणि कान-शेपटीला रेशमी झालर असलेल्याला पश्मी. लातूरकडच्या शेतांवर तो आजही आहे.

२००५ साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. २०१६ मध्ये लष्कराने त्याची पिल्लं मेरठच्या केंद्रात शिकवायला नेली. राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने अधिकृत नोंद दिलेल्या पहिल्या श्वानजातींत राजापालयम आणि चिप्पिपराई यांच्या जोडीने मुधोळचं नाव आहे.

अभिमान वाटावा असा हा कुत्रा. पण अभिमानाने पाळायचा म्हणून त्याला काल्हेरच्या सातव्या मजल्यावर आणू नये. तो नजरेने शिकार हेरतो आणि वाऱ्यासारखा सुटतो. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला रुचत नाही, दंगेखोर मुलांत तो अवघडतो. त्याला मोकळं रान लागतं. भिवंडी तालुक्यात पडघ्याच्या पुढे, वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे ज्यांची शेती आणि कुंपण घातलेली वाडी आहे, त्यांनी त्याचा जरूर विचार करावा. उन्हाला तो डगमगत नाही, आणि आखूड केसांमुळे गोचिडीही लगेच दिसतात.

गल्लीतला हक्काचा

इतक्या जाती पाहिल्यावर हवा, जागा आणि पैसा या तिन्ही कसोट्यांना उतरतो तो आपला गावठी. मध्यम बांधा, उभे कान, लांब तोंड, आखूड केस, पंधरा-वीस किलो वजन. कुणी प्रदर्शनासाठी त्याला वळण दिलं नाही. उन्हापावसाने, भुकेने आणि माणसांच्या सहवासाने त्याला घडवलं. त्यामुळे ठरावीक घराण्यांत आप्तांचीच जोडी लावून जे आनुवंशिक आजार साचतात, त्यांचं ओझं त्याच्यावर कमी आहे. शिकवलं तर शिकतो, मात्र प्रत्येक वेळी ‘का’ असं मनात विचारून. त्याला दटावण्यापेक्षा पटवावं लागतं. हद्दीची जाण पक्की, म्हणून राखण उपजत.

यंत्रमागाच्या खडखडाटात जन्मलेलं पिल्लू आवाजाला सरावलेलं असतं, ही या गावातली आणखी एक जमेची बाजू. फटाक्यांच्या दणक्याने मात्र तेही हादरतं. आपल्याला ऐकूच न येणारे, चाळीस हजार हर्ट्झच्या वरचे आवाजही कुत्र्याचा कान टिपतो, त्यामुळे दिवाळीचे चार दिवस त्याच्यासाठी कठीण. त्या संध्याकाळी त्याला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, घरातल्या कुणाच्या तरी सोबतीने ठेवावं. नेपाळात दिवाळीतला एक दिवस कुकुर तिहारचा असतो. त्या दिवशी कुत्र्याला हार घालतात, टिळा लावतात, गोड खाऊ घालतात. भिवंडीच्या गोदामांवर जे नेपाळी रखवालदार रात्री काढतात त्यांना तो दिवस ठाऊक आहे. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री पाहत वाढलेल्या आपल्यालाही तो परका वाटू नये.

२२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता, बाकीच्यांना त्यांच्या जागी सोडायला सांगितलं. कुत्रा दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांना वाटही ठेवली, या अटीवर की घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. रस्त्यावरच्या कुत्र्यांची भीती खरी आहे. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त भारतात होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि बळींत मुलांचं प्रमाण मोठं आहे. चावा घेतला तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, मिरची, चुना काही लावू नये. या भीतीवरचा टिकाऊ उपाय नसबंदी, लस आणि जबाबदार घरं हाच. गल्लीतलं एक पिल्लू घरात आलं, टोचलं गेलं, त्याची नसबंदी झाली, की त्या कुत्र्यापुरती तरी गल्लीची भीती मिटते.

पिल्लू आणण्याआधी

२०१७ च्या श्वान पैदास नियमांनुसार पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, आणि दीड वर्षाच्या आत मादीला वेत येऊ देता येत नाही. मोबाइलवर फोटो दाखवून महिन्याचं पिल्लू हातात ठेवणाऱ्याकडून घेऊ नये. आई दाखवा म्हणावं, जागा पाहावी. पिल्लू आपल्याकडे स्वतःहून येतं का, हात लावल्यावर सैल पडतं की ताठरतं, हे बघावं. कागदापेक्षा हे जास्त सांगतं.

आल्यावर दीड-दोन महिन्यांपासून डिस्टेंपर आणि पार्व्होची लस, पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या मात्रा, तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि मग दरवर्षी. भिवंडीत लेप्टोस्पायरोसिसची लस टाळू नये. धान्याच्या गोदामांत उंदीर आहेत, पावसात कामवारी नदीचं पाणी सखल वस्त्यांत शिरतं, आणि उंदराच्या मुतातून पसरणारा हा रोग कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. पावसाळ्यानंतर गोचीडतापासाठी लक्ष ठेवावं. कुत्रा मलूल झाला, खाईनासा झाला, हिरड्या पांढऱ्या दिसल्या की पशुवैद्याकडे न्यावं.

जातीवरून घातलेली बंदी कितपत टिकते, तेही आपण पाहिलं. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने पिटबुल, रॉटवायलर यांसह २३ जातींची विक्री आणि पैदास रोखणारं परिपत्रक काढलं. संबंधितांचं म्हणणं न ऐकता ते काढल्याने कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या १० एप्रिलला ते रद्द केलं. जात बंद करून चावे थांबत नाहीत. जबाबदारी मालकावर टाकली तर थांबतात. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमानुसार आपल्या प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसऱ्या बाजूला, गृहनिर्माण सोसायटीला बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच सांगितलं आहे. हक्क आहे, तसा पट्टा धरण्याचा आणि घाण उचलण्याचा धर्मही आहे.

तेव्हा भिवंडीकराने घरात बसून आधी हे ठरवावं. रोज दोन वेळा कुत्र्याला फिरवणार कोण? तो दिवसाचे किती तास एकटा राहील? घरात लहान मूल किंवा आजारी माणूस आहे का? पुढची बारा वर्षं डॉक्टरचा खर्च झेपेल का? वेळ आणि अंगण भरपूर असेल, अनुभवही असेल, तर अल्सेशियन घ्यावा. मुलं आहेत आणि दोन वेळ फिरवणारं माणूस आहे, तर लॅब्रॅडोर. शेतवाडी असेल तर कारवानी. दोन खोल्यांचं घर असेल तर स्पिट्झ. आणि यांतलं काहीही असलं तरी गावठी पिल्लाचा विचार सगळ्यात आधी करावा. वेळच नसेल तर कुठलीच जात आपल्यासाठी चांगली नाही, हे मान्य करून थांबावं. न आणलेला कुत्रा दुःखी होत नाही. आणून साखळीला बांधलेला मात्र रोज होतो, आणि त्याचं दुःख एक दिवस कुणाच्या तरी पोटरीत रुततं. जो कुत्रा आणाल त्याला घरातलं माणूस समजून शिकवा, फिरवा, टोचून घ्या. राखण तो आपण होऊन करेल.